परसबाग लावा म्हणता, परस कुठं आहे?



मागच्या पावसात आमच्या पाड्यावर दोन गाड्या आल्या.

पहिली आली मृगाच्या तोंडाला. साहेब उतरले, दोन मॅडम उतरल्या. अंगणवाडीपुढं बायांना गोळा केलं. बियांच्या पुड्या वाटल्या: पालक, मेथी, मुळा, भेंडी, टोमॅटो. भिंतीवर कागद चिकटवला, 'परसबाग लावा, कुपोषण हटवा'. मॅडमनी भाषण केलं. म्हणाल्या, तुम्ही लोक भाकर-मिरची खाता, भाजी खात नाही, फळ खात नाही, म्हणून तुमची पोरं वजनात बसत नाहीत. बायांच्या हातात पुड्या देऊन फोटो काढले आणि गाडी गेली.

दुसरी गाडी आली गौरीच्या आठ दिवस आधी. खाकी कपडे घातलेली माणसं होती. वरच्या माळावर आमच्या एका आजीचा प्लॉट आहे. तिच्या सासऱ्यापासून ते रान कसतात. दावा टाकलाय, निकाल अजून यायचाय. आजीनं तिथं मांडव घातला होता. त्यावर दोडका, काकडी आणि डांगर चढवलं होतं. वेलाला बोटाएवढ्या काकड्या धरल्या होत्या. त्या माणसांनी मांडव मोडला, कुंपण उपटून नाल्यात टाकलं. म्हणाले, ही जागा आमची, इथं साग लावायचाय. आजी म्हणाली, "बाबा, तुझ्याच सरकारानं बी दिलं ना?" त्यावर कुणी काही बोललं नाही.

एका खात्यानं बी दिलं, दुसऱ्या खात्यानं वेल उपटला. दोघांच्याही पगाराची तिजोरी एकच. म्हणून आज आम्ही परसबागेवर लिहायला बसलो आहोत. परसबाग वाईट, असं आम्ही म्हणत नाही. वर्षभराची भाजी आणि फळं घरच्याच मातीतून यावीत, ही आमची पण इच्छा आहे. पण ती कशानं उगवते आणि कशानं मरते, हे स्पष्ट बोललं पाहिजे.

आम्हाला भाजी खायला शिकवता?

पहिलं त्या भाषणाचं उत्तर देऊ.

आमच्या आज्यांना कुणी तक्ता दिला नव्हता. तरी वर्षाच्या प्रत्येक महिन्याला त्यांच्या चुलीवर काहीतरी शिजत होतं. पाऊस पडायच्या आत शेवळं निघतात, ती काकडं घालून करायची म्हणजे घसा खाजत नाही. पहिल्या सरीनंतर टाकळा, फोडशी, कुर्डू. आषाढ-श्रावणात बांबूचे वास्ते, करटोली, अळू, अळंबी. भादव्यात मांडवावरची काकडी, दोडका, पडवळ. नागलीच्या बांधाला अंबाडी आणि चवळी. भात कापला की त्याच ओलीवर वाल टाकायचा. दिवाळीनंतर करांदे, कोनफळ खणून काढायचे. कडूकांद चिरून, उकडून, रातभर वाहत्या पाण्यात ठेवून त्याचा कडवटपणा घालवायचा. थंडीत तुरीच्या शेंगा, आवळे, बोरं. मग शेवगा. चैतात मोह, पुढं करवंद, आंबा, फणस, जांभूळ. जे जास्त झालं ते सुकवून मडक्यात भरायचं. डांगर आढ्याला टांगायचं, ते उन्हाळ्यापर्यंत टिकतं.

ह्यात घराचा परस किती आणि जंगल किती, ते बघा. परस, शेताचा बांध, ओढ्याचा काठ आणि वरचं जंगल हे मिळून आमची एकच बाग होती. बाग तोडली कुणी? जंगलात गेलं की दंड. ओढ्याकाठी कंद खणला की 'जंगलाची नासधूस'. जिथं पंचवीस जातीची झाडं होती तिथं सागाच्या रांगा लावल्या. सागाखाली ना करवंद होतं, ना कंद, आणि सागाचं पान कुणाचं पोर खात नाही. आमच्या मोठ्या बागेला कुंपण घातलं आणि आता विचारतात, तुम्ही भाजी का खात नाही?

जव्हार तालुक्यातलं वावर-वांगणी कुणी विसरलेलं नाही. १९९२ साली तिथली लहान पोरं गेली तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला कळलं की मुंबईपासून काही तासांवर माणसं उपाशी मरतात. त्यानंतर किती योजना आल्या, किती कागद चिकटवले गेले. भूक मात्र आमच्याच अडाणीपणाच्या खात्यावर मांडली जाते, जमिनीच्या खात्यावर कधी मांडत नाहीत.

हिशोब करू

बारावीपर्यंत शिकलो त्याचा एवढा तरी उपयोग.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०११ साली सांगितलं होतं की मोठ्या माणसाला दिवसाला तीनशे ग्रॅम भाजी आणि शंभर ग्रॅम फळ पाहिजे. आपल्या घरात सहा माणसं, त्यातली दोन लहान, म्हणून पाच मोठी धरू. भाजी झाली दिवसाला दीड किलो. वर्षाची साडेपाच क्विंटलच्या जवळ. फळ दिवसाला अर्धा किलो, वर्षाला पावणेदोन क्विंटलच्या वर. एका घराला वर्षाला सव्वासात क्विंटल भाजी-फळं लागतात.

विकत घ्यायची ठरवली तर? चाळीस रुपये किलोनं नुसत्या भाजीचे रोज साठ रुपये, महिन्याचे अठराशे. एवढे पैसे भाजीला घालेल असं एक तरी घर आपल्या पाड्यावर आहे का? नाय.

मग पिकवायची. आमच्याकडं ओढ्याच्या काठी दोन घरं आहेत, त्यांच्याकडं बघून आम्ही मोजलं. भाजीला तीन गुंठे चांगली जागा लागते. फळझाडं बांधावर आणि कडेनं लावली तरी पाच-सहा गुंठे अडतात. म्हणजे आठ-नऊ गुंठे.

आता ह्याच पाड्यावरच्या एका घराची गोष्ट. साडेतीन एकर कसतात, सगळा गाव साक्षीला आहे. मोजणीवाले आले, यंत्र घेऊन फिरले, आणि पट्टा आला अठरा गुंठ्यांचा. अठरा गुंठ्यांतले नऊ गुंठे भाजी-फळाला द्यायचे, उरलेल्या नऊ गुंठ्यांत सहा माणसांची नागली आणि भात काढायचा? बाकीची जमीन आहे तिथंच आहे. बांध पण त्यांच्याच हातचे. पण कागदावर ती आता त्यांची नाही. तिथं आंब्याचं कलम लावायचं तर खड्डा खणताना मागं वळून बघावं लागतं.

फळझाडाचं असंच असतं. मेथी महिन्याभरात हाताशी येते. पपईला नऊ-दहा महिने लागतात. आंबा आणि फणस म्हणजे वर्षांची गोष्ट. उद्या ही जागा आपली राहील का, हे ज्याला माहीत नाही तो फणस लावत नाही. आळस नाही, शहाणपण आहे ते. आधी हक्क द्या, मग बघा कोण झाड लावत नाही.

पाण्याचं काय?

कागदावर एक ओळ होती: 'सांडपाण्याचा वापर करा.' ह्या ओळीवर आमच्या बाया हसल्या, आणि मग गप्प झाल्या.

उन्हाळ्यात एक गुंठा भाजी जगवायची तर दिवसाला चारशे लिटरच्या आसपास पाणी लागतं. पंधरा लिटरचा हंडा धरला तर सव्वीस-सत्तावीस हंडे. आमच्या पाड्यावर एप्रिलमध्ये विहीर तळाला जाते. बाई पहाटे उठून रांगेत बसते, वाटीनं पाणी भरते, आणि पूर्ण घराला आठ हंडे आणते. त्यात पिणं, रांधणं, भांडी, अंघोळ. सांडून सांडणार किती? फार तर दोन-तीन हंडे. त्यावर न्हाणीपाशी एक केळ, एक पपई आणि थोडं अळू जगतं. ते जरूर जगवावं, आम्ही पण जगवतो. पण त्याला वर्षभराची बाग म्हणणं ही थट्टा आहे.

आणि पाणी नाही असं कोण म्हणतो? आपल्या डोंगरांवर पडतो तसा पाऊस देशात फार थोड्या ठिकाणी पडतो. तानसा धरण १८९२ सालचं. नंतर मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा, मध्य वैतरणा. आपल्याच डोंगरांचं पाणी मुंबईच्या नळाला जातं. मुंबईच्या कष्टकऱ्याला पाणी मिळू नये असं आम्ही म्हणत नाही, तिथं आपलेच भाऊ राहतात. आमचं एवढंच म्हणणं आहे की नळ ज्या डोंगरातून निघतो त्या डोंगरावरची बाई वाटीनं पाणी का भरते? आणि तिलाच 'सांडपाणी वापर' असं कुठल्या तोंडानं सांगता?

घरात माणूस पाहिजे

तिसरी गोष्ट सगळ्यात कडू आहे. हिवाळ्याची भाजी सोपी. कीड कमी, ओल थोडी आहे, वाल-वांगी-मुळा-मिरची छान येते. पण तेव्हा पाड्यावर असतं कोण? दिवाळी झाली की शेटचा माणूस येतो, उचल देतो, आणि घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात. भिवंडी, वसई, कल्याण. दाराला काटी लावून जातात. म्हातारी माणसं मागं राहतात, त्यांनी शेळी बघायची की वाफे? मॅडमनी दिलेल्या पुड्यांतली मेथी उगवली होती. तिला पाणी घालणारी बाई तेव्हा भट्टीवर विटा थापत होती, आणि तिचं पोर तिथं विकतचा पाव चहात बुडवून खात होतं.

म्हणजे चक्र असं आहे. जमीन कागदावर नाही म्हणून तिच्यावर विहीर-शेततळं मिळत नाही. पाणी नाही म्हणून दिवाळीनंतर रान मोकळं. रान मोकळं म्हणून उचल. उचल घेतली म्हणून घर बंद. घर बंद म्हणून भाजी नाही, आणि भाजी नाही म्हणून पोर वजनात बसत नाही. मग गाडी येते आणि पुडी देते. पुडीनं हे चक्र तुटत नाही. ते तुटतं जमीन आणि पाणी ह्या दोन जागी.

आता आपल्या घरातलं बोलू

साथींनो, सगळा दोष समोरच्यावर टाकून आपण सुटत नाही. आमचं पण चुकतंय.

आम्ही आश्रमशाळेत शिकलो. तिथं वर्षानुवर्षं बटाटा आणि वाटाणा खाल्ला. सुटीत घरी आलो की आईनं केलेली फोडशी ताटात बघून नाक मुरडलं. आज आमच्यातल्या निम्म्या पोरांना दहा रानभाज्यांची नावं येत नाहीत. ज्याची नावं येत नाहीत त्याच्यावर हक्क कसा सांगणार?

बियाणं पण आपण घालवलं. आज्यांच्या घरी राखेत मिसळलेलं वालाचं, दोडक्याचं, काकडीचं बी मडक्यात असायचं. आता बाजारातून पुडी आणतो. त्या फळाचं बी पुढच्या साली टाकलं तर तसं येत नाही, परत पुडी आणावी लागते. काही जण तर प्लॉटवर तणनाशक मारायला लागले. गवत मरतं हे खरं, पण बांधावरचा टाकळा आणि कुर्डू पण मरतो. आईची भाजी आपणच जाळतो.

आणि दिवाळीनंतर सोडलेली शेळी. एका घराची शेळी दहा घरांची बाग खाते. पण शेळीवाला पण गरीबच आहे, शेळी म्हणजे त्याची बँक आहे. म्हणून भांडण नको, पाड्यानं बसून नियम करायला पाहिजे. हे काम कुठला साहेब येऊन करणार नाही.

कायदा हातात घ्या, म्हणजे कागद हातात घ्या

वनहक्क कायदा २००६ चा आहे. नियम २००८ चे, त्यात २०१२ ला दुरुस्ती झाली. परसबागेचा कायद्याशी काय संबंध, असं म्हणू नका. नीट वाचलं तर आपल्या बागेचं सगळं त्यात आहे.

१. दाव्याची तपासणी पुरी होत नाही तोवर कसत्या जमिनीवरून कुणाला काढता येत नाही. कलम ४(५). आजीचा मांडव मोडला ते बेकायदा होतं. असं झालं तर त्याच दिवशी पंचनामा करा, पाच माणसांच्या सह्या-अंगठे घ्या, ग्रामसभेत ठराव करा आणि उपविभागीय समितीला देऊन पोच घ्या. आम्ही आजीचं असंच केलं आहे.

२. पट्टा प्रत्यक्ष कब्जा आहे तेवढ्याचा, चार हेक्टरच्या आत. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा कब्जा पाहिजे. कमी जमीन लावली असेल तर गप्प बसू नका. कमी का केली ह्याचं कारण लेखी मागा. कळवल्यापासून साठ दिवसांत वरच्या समितीकडं अर्ज करता येतो. साठ दिवस भट्टीवर निघून जातात, म्हणून कागद आला की आधी कार्यकर्त्याला दाखवा.

३. मोजणीच्या दिवशी घरातली बाई आणि म्हातारं माणूस जागेवर पाहिजेच. घर, सपाटी, बांध, बंधारा, विहीर, देवाची जागा, स्मशान हे सगळे पुरावे नियमात लिहिले आहेत. जुना आंबा, फणस, मोह हे पण पंचनाम्यात नावानिशी लिहून घ्या. म्हाताऱ्यांचा जबाब पुरावा आहे, पण एकट्या जबाबावर थांबू नका, एकापेक्षा जास्त पुरावे जोडा.

४. पट्टा नवरा आणि बायको दोघांच्या नावानं असतो. कलम ४(४). एकट्या बाप्याचं नाव टाकलं असेल तर दुरुस्ती मागा. भाजी बाई लावते, पाणी बाई घालते, मग जमीन तिच्या पण नावावर पाहिजे.

५. पाण्यासाठी कलम ३(२) वापरा. तळं, पाणी अडवायचं काम, पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन, लहान कालवा ह्यांना एक हेक्टरच्या आतली वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीनं देता येते. अट अशी की हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत. 'जंगलात तळं करता येत नाही' असं कुणी म्हणालं तर हे कलम त्याच्यापुढं ठेवा.

६. पट्टेधारकांना जमीन सुधारायला, पाण्याला, पिकाला सरकारच्या सगळ्या खात्यांनी मदत करायची, असं नियम १६ सांगतो. रोजगार हमीतून आपल्या प्लॉटवर विहीर, शेततळं, फळझाडांचे खड्डे ही कामं धरता येतात. दिवाळीच्या आत मागणी करा, म्हणजे उचल घ्यायच्या आत पाड्यावरच मजुरी मिळेल. आपल्याच बागेचे खड्डे खणायची मजुरी मिळत असेल तर भट्टीवर कोण जाईल?

ह्या पावसात काय करायचं

निकालाची वाट बघत हात बांधून बसायचं नाही. लढाई आणि लागवड दोन्ही एका वेळी.

प्रत्येक घरानं पावसाच्या तोंडाला शेवग्याची एक फांदी रोवावी. शेवग्याला पाणी कमी लागतं, शेंग नसेल तेव्हा पाला खाता येतो, आणि उन्हाळ्यात दुसरी भाजी नसते तेव्हा तो हिरवा असतो. न्हाणीपाशी केळ आणि पपई. कुंपणाच्या कडेनं करांदे आणि कोनफळ, ते मातीतच राहतात, लागेल तसे खणायचे, शेळी पण खात नाही जमिनीतलं. दाराशी लिंबू आणि पेरू. बांधावर फणस, आणि तो आपल्यासाठी नाही, नातवासाठी. मांडवावर दोडका, डांगर, घेवडा. भात कापल्यावर वाल टाकायला विसरू नका.

प्रत्येक घरानं तीन जातीचं घरचं बी राखेत ठेवावं. दसऱ्यानंतरच्या ग्रामसभेला बाया येताना मूठमूठ बी घेऊन येतील, टोपलीत टाकतील, आणि ज्याच्याकडं जे नाही ते तो घेऊन जाईल. आमच्या पाड्यावर हे ठरलं आहे. शेळ्यांसाठी कुठला माळ मोकळा ठेवायचा आणि कुठल्या बाजूला कुंपण सगळ्यांनी मिळून घालायचं, हे पण त्याच सभेत ठरवायचं आहे.

आणि परत गाडी आली, पुड्या घेऊन आली, तर बी घ्या. बी नाकारू नका, बियांचा काही गुन्हा नाही. पण फोटो काढायच्या आधी साहेबांना हात धरून वरच्या माळावर न्या. आजीचा मोडलेला मांडव दाखवा, तळ गाठलेली विहीर दाखवा, अठरा गुंठ्यांचा कागद दाखवा. आणि विचारा: साहेब, बी दिलंत, बरं झालं. आता ते पेरायचं कुठं, ते पण ह्याच पुडीवर लिहून सही करून द्या.

आजीनं मांडव परत उभा केला आहे. ह्या वेळी खांब रोवायला पाड्यावरची तीस माणसं गेली होती.

बी आमचं, घाम आमचा, माती आणि पाणी पण आमचंच!
जोहार!